समुद्राचा सातबारा

समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे मला जिभाऊंनी भर पंगतीत विचारलं. साक्री तालुक्यातलं गाव, नात्यातला साखरपुडा, मांडवाच्या कापडातून गाळून येणारं ऊन, ताटात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. पोरगी घरी बसून परदेशातल्या समुद्रातल्या पवनचक्क्या तपासते, असं आईने आधीच कौतुकाने सगळीकडे सांगून ठेवलेलं. जिभाऊ आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामाच, पण त्यांना मामा कोणी म्हणत नाही, अख्खं गाव जिभाऊ म्हणतं म्हणून आम्हीही जिभाऊच म्हणतो. बट्टी कुस्करत कुस्करत त्यांनी विचारलं, "समुद्रना सातबारा कोना नाववर शे व माय?" पंगत हसली. मीही हसले आणि म्हटलं, सरकारच्या. ते काही हसले नाहीत. तुपाची वाटी पुढे ओढत म्हणाले, "डोंगर बी सरकारनाच व्हता."

एवढं बोलून ते वाढणाऱ्या पोराशी वरणाच्या तिखटावरून भांडायला लागले. मी मात्र अडकले ती अडकलेच.

माझं काम सांगायला अवघड आहे असं मला उगाच वाटायचं, खरं तर तसं काही नाही. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायला प्रचंड पैसा लागतो, तो बँका देतात, आणि देण्याआधी त्यांना कोणीतरी सगळे कागद वाचून सांगावं लागतं की बाबांनो, इथे इथे पाणी मुरतंय. त्याला ड्यू डिलिजन्स म्हणतात. मी त्या साखळीतली एक खालची कडी. धुळ्यात देवपूरच्या घरात वरच्या खोलीत, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि समोर लॅपटॉपवर डेटा रूम उघडलेली. डेटा रूम म्हणजे रूम नाहीच, शेकडो फोल्डर असतात, वाऱ्याचं मोजमाप, समुद्रतळाची बोअरहोल, केबलचा मार्ग, टर्बाईनचा करार, परवानग्या, विमा, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल सुधारित', 'फायनल सुधारित क' अशा फायली. आमची दुपार म्हणजे तिकडे युरोपात सकाळ, म्हणून जेवण झाल्यावर जी पेंग यायला हवी त्या वेळेला मी लाटांच्या उंचीचे तक्ते वाचत असते. लाट दीड मीटरच्या वर गेली की छोट्या बोटीतून माणसाला टर्बाईनच्या शिडीवर चढवणं थांबवतात, म्हणजे वर्षात किती तास काम होणार हे त्या लाटेवर ठरतं, आणि त्या तासांवर पुढचा सगळा खर्च. उत्तर समुद्र मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण तो जानेवारीत कसा वागतो हे मला आमच्या पांझरा नदीपेक्षा जास्त माहीत आहे, आणि हे सांगताना मला अभिमान वाटावा की लाज, ते ठरत नाही.

काम मला आवडतं मात्र, ते कबूल करते. कागदात लपलेली गोष्ट सापडली की एक वेगळीच मजा असते. या धंद्यात जुनी प्रकरणं पुराणातल्या कथांसारखी सांगितली जातात. समुद्रात जाड नळीसारखा खांब ठोकतात, त्याला मोनोपाईल म्हणतात, त्यावर दुसरी नळी टोपी घातल्यासारखी बसवून मधल्या फटीत सिमेंटचा गिलावा भरायचे. वर्षानुवर्षं सगळ्यांनी तेच केलं, प्रमाणपत्रं घेतली, आणि २००९-१० च्या सुमाराला लक्षात आलं की कितीतरी पवनचक्क्या आपल्याच वजनाने त्या गिलाव्यातून हळूहळू खाली सरकतायत. एका जागची चूक नव्हती ती, नियमावलीच तशी होती आणि सगळे त्याच नियमावलीने बांधत होते. मग नियम बदलले, सांधा निमुळता करायला लागले. किंवा ते केबलचं. २०२१ मध्ये ऑर्स्टेडने, म्हणजे या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या डॅनिश कंपनीने, जाहीर केलं की त्यांच्या दहापर्यंत पवनप्रकल्पांत केबलवरचं संरक्षक कवच तळावर टाकलेल्या दगडांवर घासून झिजतंय. ते दगड कशाला टाकलेले, तर प्रवाहाने खांबाच्या बुडाची माती वाहून जाऊ नये म्हणून. खांब वाचवायला टाकलेल्या दगडांनी केबल खाल्ली. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या अहवालांत, वेगवेगळ्या लोकांनी, आपापल्या जागी बरोबर लिहिलेल्या असणार. दोन फायली शेजारी शेजारी उघडून बघणारं कोणीतरी लागतं, आणि ते करायचे मला पैसे मिळतात.

वाऱ्याचा हिशोब तर अजून बेभरवशाचा. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे सेकंदाला सात मीटरच्या जागी आठ मीटर वारा असला तर ताकद जवळपास दीडपट. म्हणून मोजताना झालेली बारीकशी चूक पंचवीस वर्षांच्या कमाईवर पसरते. अंदाज दोन आकड्यांत देतात, पी-५० म्हणजे निम्मी शक्यता की यापेक्षा जास्त वीज होईल, आणि पी-९० म्हणजे दहात नऊ शक्यता की निदान एवढी तरी होईलच. मालक पी-५० दाखवून खूश असतो, बँक पी-९० धरून कर्ज ठरवते. हे मी जिभाऊंना नंतर एकदा समजावलं, बांधावर बसून, तर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मंग ती आनेवारीच झायी." खरंच तसं आहे. आनेवारी म्हणजे सरकारने काढलेला पिकाचा अंदाज, शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसणारं पीक वेगळं आणि पन्नास पैशांच्या खाली की वर हे कागदावर ठरणारं पीक वेगळं, आणि पैसा कागदावरच्या पिकावर सुटतो. त्याच ऑर्स्टेडने २०१९ मध्ये आपले विजेचे अंदाज खाली आणले होते, कारण पवनचक्क्यांचा अख्खा थवाच समोरून येणाऱ्या वाऱ्याला अडवतो, वारा यायच्या आधीच मंदावतो, हा परिणाम आणि एका टर्बाईनची दुसरीवर पडणारी वाऱ्याची सावली त्यांनी कमी धरली होती. जगातल्या सगळ्यात अनुभवी लोकांनी कमी धरली होती. तेव्हापासून कोणी मला दशांशाच्या दोन घरांपर्यंत आकडा दिला की मी आधी संशय घेते.

साक्रीचा डोंगर आठवला की मात्र असले कुठलेच आकडे आठवत नाहीत.

मी शाळेत होते तेव्हा छडवेल, ब्राह्मणवेलच्या बाजूला पंखे उभे राहायला लागले. पवनचक्की वगैरे पुस्तकातलं, गावात पंखाच म्हणतात. आज तिथे पाचशे मेगावॉटच्या वर क्षमता आहे, पण तेव्हा आम्हाला दिसलं ते फक्त पातं. रस्त्यावरून मुंगीच्या चालीने जाणारा ट्रेलर, त्यावर पांढरंशुभ्र, माशाच्या पाठीसारखं लांबलचक पातं, पुढे लाल झेंडी घेतलेला माणूस, मागे अडकलेल्या एसट्या, आणि वळणावर एका टपरीचा पत्रा काढून ठेवावा लागला म्हणून चिडलेला आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक वाढलं म्हणून खूश झालेला टपरीवाला. आजोळी गेलं की रात्री डोंगराच्या माथ्यावर लाल दिवे ओळीने लुकलुकायचे. जूनमध्ये कोंडाईबारीकडून वारा सुटला की पात्यांचा आवाज यायचा, हूऽऽप हूऽऽप, आणि आजी म्हणायची डोंगराला दम लागलाय. आम्हाला ते सगळं भारी वाटायचं. जमिनीचे भाव वाढले, कोणी मोटरसायकल घेतली, कोणी बोअर मारली, वॉचमनच्या नोकऱ्या लागल्या, आणि त्याच वेळी मोठ्या माणसांच्या बोलण्यात कुजबुजीने काही शब्द यायला लागले, वनखातं, दावा, मोर्चा, ताबा. डोंगरउतारावर जी भिल्ल कुटुंबं पिढ्यानपिढ्या नागली-बाजरी करत होती त्यांच्या नावावर काहीच नव्हतं, कागदावर ते जंगल होतं आणि जंगल सरकारचं होतं. जंगलातली जमीन कसणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा, तोवर डोंगरावर खांब उभे राहायला लागले होते. जिभाऊंनी पंगतीत चार शब्दांत सांगितलं ते हे.

मग त्या रात्री घरी येऊन मी खरंच शोधत बसले, समुद्राचा सातबारा. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ राजघराण्याच्या नावाने चालणाऱ्या क्राऊन इस्टेटकडे आहे, तीच संस्था लिलाव करते आणि भाडेपट्टा देते, हे मला कामामुळे माहीत होतं, रोजचंच आहे. आपल्याकडचं मी कधी नीट वाचलं नव्हतं. आपल्याकडे १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा आहे, समुद्रातल्या पवनऊर्जेचं धोरण २०१५ चं, आणि त्या कायद्याखाली भाडेपट्ट्याचे नियम निघाले ते थेट डिसेंबर २०२३ मध्ये. म्हणजे धोरण आधी, लिलावाच्या गप्पा मधे, आणि जागा भाड्याने कशी द्यायची याचे नियम शेवटी. २०१८ मध्ये खंभातच्या आखातातल्या पहिल्या एक गिगावॉटसाठी स्वारस्य विचारलं तर ३५ कंपन्यांनी हात वर केले होते, २०२२ पर्यंत पाच गिगावॉट करायचं म्हणून सांगितलं होतं, आणि आज आपल्या समुद्रात वीज विकणारी एकही पवनचक्की उभी नाही. २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची मदत मंजूर केली, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ पाचशे-पाचशे मेगावॉटसाठी. मला यात कोणाला हसायचं नाहीये. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला पहिल्या ११ चक्क्या समुद्रात उभ्या केल्या त्या एकेक ४५० किलोवॉटच्या होत्या, साक्रीच्या डोंगरावरचं सव्वा मेगावॉटचं मशीन त्यांच्या पावणेतीन पट. तिथून इथवर यायला त्यांनाही तीस वर्षं लागली. पण घाई नाहीये हे एका अर्थी बरंच आहे, असं मला हल्ली वाटायला लागलंय, चौकशीला वेळ मिळतोय.

खंभातचं आखात म्हटलं की मी जरा हळवी होते, त्याला कारण तापी आहे. मुलताईहून निघून ती अख्खा खानदेश आडवा कापत जाते, वाटेत वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा सगळ्यांना पोटात घेते आणि सुरतेच्या पुढे त्या आखातात उतरते. १९७२ मध्ये उकाई धरण झालं, आता बराच गाळ तिथे अडतो, पण त्याआधी हजारो वर्षं आमच्या शेतांची काळी माती पावसाळ्यात उचलून समुद्रात नेऊन टाकण्याचं काम या नदीने इमानाने केलंय. बेसाल्टची माती, स्मेक्टाईट नावाची चिकणमाती असते तिच्यात, तीच पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते. घराच्या भिंतीला चीर गेली की आमच्याकडे गवंडी म्हणतो ना, काळ्यात बांधलंय, जाणारच, तीच ती. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तापी-नर्मदेने वाहून नेलेली ही चिकणमाती पसरलेली आहे, आणि समुद्रात खांब ठोकणाऱ्याला सगळ्यात आधी तळात एक टोकदार शंकू दाबून बघावं लागतं की किती खोल गेल्यावर माती उलट जोर लावते. मऊ असली तर खांब लांब करा, खर्च वाढवा. त्यात आखाताची भरती-ओहोटी, भावनगरकडे तर दहा मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं. मातीचा असला कुठलाही आलेख वाचताना मला मुडावदचा घाट आठवतो, पांझरा जिथे तापीला मिळते तिथला, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत जायचा आणि आई वरून ओरडायची. शंभर कोटींच्या पायाभरणीचा प्रश्न आणि आईची ओरड एकाच मातीबद्दल आहे, हे अहवालात लिहिता येत नाही.

अहवालात बरंच काही लिहिता येत नाही, आणि इथे माझी खरी गोची आहे.

पहिला पायलट प्रकल्प जिथे घाटत होता तो भाग गुजरातच्या पिपावाव बंदरासमोरचा, २०१७ मध्ये वाऱ्याचं मोजमाप करणारं लायडार यंत्रही तिथेच समुद्रात बसवलं. पिपावावच्या शेजारी जाफराबाद. जाफराबाद म्हणजे बोंबील. तिथले मच्छीमार डोल जाळी लावतात, ही जाळी समुद्रतळाला खिळवलेली असते, जागेवर उभी, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासे आत आणून देतो. म्हणजे त्यांची जागा ठरलेली, प्रवाहाची दिशा ठरलेली, शेताचा बांध ठरलेला असतो इतकी ठरलेली, फक्त त्याचा उतारा निघत नाही. आमच्या आठवडे बाजारात पोत्यावर ढीग मांडलेला सुका बोंबील असतो, पावसाळ्यात चुलीवर भाजून बाजरीच्या भाकरीबरोबर, त्यातला किती तिकडून येतो कोण जाणे, पण तो वास नाकात असलेल्या माणसाला 'स्थानिक मासेमारी : जोखीम मध्यम' ही ओळ टाइप करताना बोट थोडं थांबतं. माझं थांबतं. युरोपातल्या अहवालांत मी ही ओळ कितीदा लिहिली असेल. तक्त्यात रंग असतात, लाल, पिवळा, हिरवा, आणि मच्छीमार बहुतेक वेळा पिवळ्यात असतो. पिवळा म्हणजे काय, तर यांच्याशी बोलणी लांबली तर काम उशिरा सुरू होईल, नुकसानभरपाईची तरतूद ठेवा. त्याच्यामुळे प्रकल्पाला काय धोका, एवढंच त्या तक्त्यात मावतं. उलट्या दिशेचा धोका लिहायला रकानाच नाही. आणि अहवालाच्या सुरुवातीला एक पत्र जोडलेलं असतं, त्यात या अहवालावर विसंबून राहायचा अधिकार कोणाकोणाला आहे त्यांची नावं असतात. अमुक बँक, तमुक बँक, विमा कंपनी. बाकी कोणी वाचला आणि त्यावर भरवसा ठेवला तर आमची जबाबदारी नाही, असं स्वच्छ शब्दांत. कायद्याने ते बरोबरच आहे, जो पैसे देतो त्याच्यासाठी चौकशी. मला फक्त हल्ली ते पान आलं की डोंगरावरचा ताबा नसलेला माणूस दिसतो.

पर्यावरणाचा भाग वेगळा असतो, तो जाड असतो, आणि प्रामाणिक असतो असं मी म्हणेन. जर्मनीत खांब ठोकताना ७५० मीटरवर आवाज १६० डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे, पॉरपॉईज नावाचा डॉल्फिनचा छोटा भाऊबंद आहे त्याच्या कानासाठी, आणि तो पाळायला खांबाभोवती तळातून हवेच्या बुडबुड्यांची भिंत सोडतात. दोन महायुद्धांत पडलेले न फुटलेले बॉम्ब शोधत आधी अख्खा तळ चुंबकाने विंचरतात. हे वाचताना मला खरंच छान वाटतं, माणसं इतकी काळजी घेऊ शकतात. आणि लगेच आठवतं की आपल्याकडे वस्तीपासून ५०० मीटर अंतर ठेवा हे मार्गदर्शक सूचनेत आलं २०१६ मध्ये, साक्रीचे पंखे फिरायला लागून दहा वर्षं झाल्यावर. पॉरपॉईजवर माझा राग नाही.

आता जिभाऊंच्या पिशवीबद्दल. साखरपुड्यानंतर काही दिवसांनी ते धुळ्याला दवाखान्याच्या कामाने आले आणि येताना एका साडीच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. चहा घेतला, पाणी घेतलं, आईशी अर्धा तास कापसाच्या भावावर बोलले, आणि मग पिशवी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बँकना करता इतलं वाचस, मंग मन्हा करता बी वाच." भानगड अशी की डोंगरावरचे जुने पंखे आता वीस वर्षांचे होत आलेत, मशीनचं ठरलेलं आयुष्य साधारण तेवढंच. २०२३ मध्ये केंद्राने जुन्या पवनचक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या बसवायचं धोरण आणलं, दोन मेगावॉटच्या आतल्या सगळ्या त्यात बसतात. त्यामुळे तालुक्यात परत एजंट फिरायला लागलेत. जिभाऊंच्या शेतात पंखा नाही, पण त्यांच्या गटातून पंख्याकडे जायचा रस्ता गेलाय आणि वरून तार गेलीय, त्याबद्दल तेव्हा एकरकमी काहीतरी मिळालं होतं. आता नवा कागद आलाय, रस्ता रुंद करायचा, वळणावर बांध काढायचा, आणि नवीन पातं इतकं लांब असेल की वारा एका विशिष्ट बाजूने असताना त्याचं टोक जिभाऊंच्या शेतावरून फिरेल, त्याला संमती द्या.

मी पिशवी रिकामी केली. घड्यांवर फाटलेला स्टँप पेपर, सातबाऱ्याचे वेगवेगळ्या सालातले उतारे, फेरफाराची एक झेरॉक्सची झेरॉक्स, आणि खतांच्या पावत्या ज्या कशाला होत्या देव जाणे. ही माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात छोटी डेटा रूम, आणि सगळ्यात जास्त भोकं असलेली. जुन्या करारात सही करणारी कंपनी एक, आज पंखा चालवणारी दुसरी, आणि नव्या कागदावर तिसरंच नाव. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात रस्त्याची नोंदच नाही, म्हणजे वीस वर्षं गाड्या जातायत त्या कुठल्या हक्काने हे कोणी विचारलं तर दोन्ही बाजूंनी नुसतं तोंडी. पावसाळ्यात रस्त्याच्या भरावामुळे वरच्या बाजूला पाणी तुंबून जिभाऊंची दोन-तीन सऱ्यांची कपाशी दरवर्षी पिवळी पडते, त्याचा कुठेच उल्लेख नाही. आणि मुदत संपल्यावर काय? ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्याने समुद्रात चक्की उभी करणाऱ्याला ती काढायचा आराखडा आधी द्यावा लागतो आणि त्यासाठी पैशांची हमीही मागता येते. विंडेबीच्या त्या ११ चक्क्या २०१७ मध्ये खरंच काढल्या, समुद्र मोकळा केला. जिभाऊंच्या शेजारच्या गटात शेकडो घनमीटर काँक्रीट जमिनीत गाडलेलं आहे आणि ते कोण काढणार याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. नव्या कागदावरही नाही.

मी रीतसर प्रश्नांची यादी केली, जशी कामावर करते, मराठीत. रस्त्याचं भाडं दरवर्षी किती आणि किती टक्क्यांनी वाढणार, की पुन्हा एकदाच हातावर ठेवून मोकळे होणार. कंपनी विकली गेली तर नवीन मालकावर हे बंधन राहील का. भरावाखाली नळ्या टाकून पाण्याला वाट कोण देणार, आणि पेरणीच्या आधी देणार की नंतर. क्रेन उभी करायला जी जागा दाबून टणक करतील ती नांगरटीला परत आणून कोण देणार. पात्याचं टोक शेतावरून फिरणार तर खाली उद्या विहीर, घर, गोठा बांधायला मनाई आहे का, ते आजच लिहून द्या. यावर मी जरा रेंगाळले. अमेरिकेत २०२४ च्या जुलैमध्ये नँटकेटजवळच्या व्हिनयार्ड विंड प्रकल्पात १०७ मीटर लांबीचं पातं तुटलं आणि फायबरग्लासचे तुकडे वाहत वाहत किनाऱ्यावर आले, चिकटवताना कारखान्यात कसर राहिलेली, ऐन मोसमात बीच बंद करावे लागले. समुद्रात तुटलं म्हणून तुकडे वाहत तरी आले. कपाशीत पडले तर वेचायचे कोणी, हाही प्रश्न टाकला. आणि शेवटी काँक्रीट आणि बँक गॅरंटी.

जिभाऊंनी यादी चष्मा लावून, बोट फिरवत वाचली. मग पेन मागितलं आणि जिथे जिथे मी 'कृपया' लिहिलं होतं तिथे तिथे काट मारली. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून सगळ्यात वर मोकळी जागा होती तिथे बोट ठेवून म्हणाले, "पंखाले ग्रीस लावाले गावना पोऱ्या ठेवतीन का, ते आधी लिख." मला हे सुचलं नव्हतं. माझ्या तक्त्यात रोजगार हा परिशिष्टात असतो. त्यांच्या नातवाने आयटीआय केलंय, तो सध्या सुरतेला बारा तास मशीनवर उभा असतो, आणि डोंगरावर चढून पंख्याचं काम करायला पोरं बाहेरच्या राज्यातून येतात. मी वर लिहिलं. त्याखाली त्यांनी अजून एक घालायला लावलं, ते वरच्या उतारावरच्या एका भिल्ल कुटुंबाच्या वनपट्ट्याबद्दल होतं, त्यांचा पट्टा आता झालाय, पण नवा रस्ता त्याच्या कडेने जातोय आणि त्यांना अजून कोणी कागद दाखवलेला नाही. मी विचारलं, हे आपल्या यादीत कशाला, तो त्यांचा प्रश्न त्यांनी विचारावा ना. तर म्हणाले, त्यांच्याकडे भाची नाही. कौतुक म्हणून की टोमणा म्हणून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

यादीचा फोटो नातवाने व्हॉट्सअॅपवर एजंटला पाठवला. दोन दिवस निळ्या खुणा नुसत्या दिसत होत्या. मग एजंटचा फोन आला, प्रश्नांबद्दल काही नाही, एवढंच विचारलं की जिभाऊ, वकील लावला का. जिभाऊंनी नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सही हवी असं एजंटचं चाललं होतं, आता तो कोणातरी मोठ्या साहेबांना घेऊन आखाजीनंतर येतो म्हणतोय. जिभाऊंनी मला सांगून ठेवलंय, त्या दिवशी तुझी ती परदेशातली मीटिंग संध्याकाळी घे, सकाळी इथे लागशील. आणि येताना तो वरचा कागद, पट्ट्याचा, दोन प्रती काढून आण.